सहा कपांचा संच

२ जानेवारी

ही डायरी फुकटची आहे. खिळेवाली दरवर्षी जुन्या गिऱ्हाइकांना वाटते, वर गोंदाच्या डब्याचं चित्र असतं. आत्तापर्यंत ती आमची भावजय घ्यायची आणि तिच्यात दुधाचे खाडे लिहायची. यंदा भावजय या घरात नाही. कोरी पानं वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही म्हणून लिहितोय. याचा दुसरा काही अर्थ काढू नये.

खिळेवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाची मालकीण. दुकानात पुढे बादल्या, झाडू, साबण, कपबश्या आणि मागे खिळे, स्क्रू, गोंद, पॉलिश पेपर. घराला लागणारं आणि सुताराला लागणारं एकाच छपराखाली. मी तिला बाई म्हणतो, ती मला मिस्त्री म्हणते, आणि किमतीवरून आमचं कित्येक वर्षं वाजतंय.

आज कप आणायला गेलो. आमच्याकडचे सगळे कप वाटणीत तिकडे गेले. बाई म्हणाली, सहाचा संच आहे, सुटा मिळत नाही. मी म्हटलं, मला तोंड एकच आहे. बरीच घासाघीस झाली तेव्हा कुठे तिने मागून एक कप काढला, दुसऱ्याच रंगाचा, काठाला तडा गेलेला. वर मला ऐकवलं की मिस्त्री, संच स्वस्त पडतो. काय स्वस्त पडतं ते मला शिकवायला निघाली आहे. माझं उभं आयुष्य खरेदी करण्यात गेलं.

५ जानेवारी

वाटणीचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

बारक्या माझा धाकटा भाऊ. साठीला टेकला, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी बारक्याच. पुढच्या खोलीत आमचा सुतारकामाचा कारखाना, मागे घर. माझी बायको फार लवकर गेली, मूलबाळ नाही, तेव्हापासून मी भावजयीच्या हातचं जेवत आलो. बारक्या मितभाषी, मी तोंडाळ. कामाची वाटणीही तशीच होती. गिऱ्हाइकाशी बोलायचं मी, लाकडाशी बोलायचं त्याने. त्याने रंधलेल्या दोन फळ्या एकमेकींना लावल्या की मधून उजेडसुद्धा जायचा नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर डॉक्टरीणबाईंचं जेवणाचं मोठं टेबल केलं. गोंद बारक्याने आणला, फळ्याही त्यानेच रंधल्या. महिना झाला नाही तोच टेबल मधोमध उकललं. डॉक्टरीणबाई कारखान्यात येऊन उभ्या राहिल्या. माझं डोकं फिरलं. त्याआधी दोनदा त्याने चुकीच्या मापाचे स्क्रू आणले होते, तेही मनात होतं. मी त्यांच्यासमोरच म्हणालो, स्वस्तातला गोंद आणलास, हात आणि डोकं दोन्ही कामाचं राहिलं नाही तुझं. त्याने हातातला रंधा खाली ठेवला. आठवड्याने म्हणाला, "दादा, वाटणी करू." मला वाटलं रागात बोलतोय, निवळेल. मी म्हटलं, कर.

वाटणी अगदी काटेकोर झाली. पटाश्या मापाप्रमाणे रांगेत मांडल्या, एक त्याची, एक माझी. लांब शिकंजे दोन होते, फळ्या चिकटवताना दाबून धरायचे, त्यातला एकेक घेतला. एका शिकंज्याने टेबल होत नाही हे पोरसोरही सांगेल. पण तोंडातून शब्द कोण काढणार? शेवटी राहिला वडिलांचा लाकडी रंधा. तो मीही सोडेना, तोही सोडेना. मग त्याने रंध्याचं लाकूड घेतलं आणि मी पातं घेतलं. शेजारचा शिंपी साक्षीला बसला होता, त्याने कपाळाला हात लावला. असं कोण करतं म्हणाला. आम्ही केलं.

घर माझ्याकडे राहिलं. ते दोघं पुलापलीकडे खोली घेऊन राहतात. पातं मी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलंय.

९ जानेवारी

बारक्याच्या खोलीचं दार मिटत नाही. सामान हलवताना कोणीतरी खाली काहीतरी ठोकून बसवलंय, तेव्हापासून सताड उघडं आहे. मोरीकडे जायचं तर त्या दारावरून जावं लागतं आणि दर वेळी ती रिकामी खोली दिसते. आज चांगली लाथ घातली, हललं नाही. वाकून बघायला गुडघे देत नाहीत. राहू दे तसंच.

१४ जानेवारी

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मोठ्या मनाच्या आहेत. म्हणाल्या, मार्चअखेर टेबल नीट करून द्या, नाहीतर मी दुसरीकडे बघते. त्यांच्या दवाखान्याच्या खुर्च्यांचं कामही त्यावरच अडलंय. ते गेलं तर कारखान्याला कुलूप लावायचं आणि उंबऱ्यात बसून माणसं मोजायची. मी छातीठोकपणे हो म्हटलं. त्यांनी विचारलं, एकटे कराल? मी म्हटलं, काम करायला दोघं कशाला लागतात.

दुकानात जाऊन गोंदाचा मोठा डबा आणला. लहान डबा दिसायला स्वस्त, पण वजनाला महाग. मोठा उघडला की महिन्याभरात संपवावा लागतो, नाहीतर वर साय धरते. आम्ही दोघं होतो तेव्हा संपायचा. साबणाचंही तेच. स्वस्त पडतं ते सगळं चारचौघांसाठी बांधलेलं असतं, एकट्याने घ्यायचं तर महागाचं घ्यायचं नाहीतर वाया घालवायचं. हे मी बाईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग एकटं राहू नये." तिचं काय जातंय बोलायला.

२२ जानेवारी

आज घबाड मिळालं. दुसरा शिकंजा कसा आणायचा या विचाराने झोप उडाली होती, कारण नव्याची किंमत ऐकून घाम फुटला होता. बाईच्या दुकानात मागे जुन्या वस्तूंचा कोपरा आहे, तिथे लांब शिकंजा उभा! अगदी माझ्याकडच्यासारखा. मुठीजवळ भाजल्याचा काळा डागसुद्धा तसाच. एकाच कारखान्यातून निघालेले असणार, त्या वेळी माल एकसारखा यायचा. मी बाईला निम्मी किंमत सांगितली. मला वाटलं अंगावर येईल, पण ती चटकन हो म्हणाली. तेव्हाच अजून कमी सांगायला हवी होती.

कोणाचा म्हणून विचारलं. म्हणाली, एक जण काम आवरतं घेतोय. कोणीतरी धंदा मोडतोय बिचारा. असेल नडलेला. त्याचं नुकसान आणि आपला फायदा, जगरहाटी आहे.

३१ जानेवारी

बाजारात बारक्या समोरून आला. भावजय बरोबर होती, तिने त्याचा दंड धरला होता, नव्या नवरीसारखा. या वयात! ती मला बघून थांबली. मी म्हटलं, काय, बरं आहे ना? बारक्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मान वळवून बाजूच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "बरं आहे, दादा." माझ्या तोंडाकडे बघून बोलायचीही त्याला आता लाज वाटते, की राग इतका आहे? भावजय काहीतरी बोलणार होती, त्याने तिचा हात दाबला ते मी पाहिलं.

घरी येऊन भात लावला. जास्त झाला. उद्या सकाळी तोच खाईन.

८ फेब्रुवारी

टेबल खोललं. जुना गोंद खरवडून काढायला घेतला तर निघेना. पटाशी लावावी लागली. म्हणजे गोंद चांगला होता. मी दोनदा तपासलं. मग फळ्या एकमेकींना लावून खिडकीसमोर धरल्या, तर मधोमध बोटभर लांबीची फट, आरपार उजेड. कड वाकडी गेली होती. गोंदाने बिचाऱ्याने जेवढं धरवलं तेवढं धरलं.

बारक्याच्या हातची कड आणि वाकडी! पेन्सिलीची रेघ अजून तिथे आहे, सरळ, मीच आखलेली. तो तिच्या खाली उतरलाय, मग वर आलाय, जणू रेघ नव्हतीच. तेव्हा त्याचं कामात लक्ष नव्हतं एवढंच म्हणता येईल. बायकोने कान भरले असतील, वेगळं व्हायचं मनात असेल. पण इतक्या वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस असा कसा चुकला ते मला कळत नाही.

१७ फेब्रुवारी

परत जुन्याच्या कोपऱ्यात पटाश्या आल्या. दैव असतं म्हणतात ते खोटं नाही. माझ्याकडे ज्या मापाच्या नाहीत नेमक्या त्याच. मधलीअधली एकही जास्तीची नाही. मी म्हटलं, बाई, तुमचा हा माणूस माझ्यासाठीच धंदा मोडतोय की काय. हसेल असं वाटलं होतं. ती काउंटर पुसत राहिली. मग म्हणाली, "घ्यायच्यात का नुसतं कौतुक करायचंय?"

घेतल्या. घरी आणून रांगेत लावल्या. पुरी रांग लागलेली बघून बरं वाटलं आणि थोड्या वेळाने वाटेनासं झालं. दाखवायला कोणी नव्हतं. शिंप्याला हाक मारली, तो बाहेर गेला होता.

२६ फेब्रुवारी

ताप. पेज करून प्यायलो. तडा गेलेल्या कपाने ओठ कापला.

१ मार्च

ताप उतरला. दुकानात गेलो. घ्यायचं काहीच नव्हतं. बाईने विचारलं काय देऊ, तर मूठभर स्क्रू मागितले. घरी स्क्रूंचा डबा भरलेला आहे. तिने पुडी बांधली आणि बसायला स्टूल पुढे केलं. मी म्हटलं, मला कामं आहेत. आणि बराच वेळ बसलो. आजारपणात बोलायची सवय जाते की काय कोण जाणे, घशातून आवाज नीट निघत नव्हता.

११ मार्च

टेबल चिकटवायला घेतलं आणि फजिती झाली.

फळ्या मी नव्याने रंधल्या, दुकानातून आणलेल्या लोखंडी रंध्याने. तो मला मानवत नाही, पण कड बरी आली. गोंद लावला. आता दोन्ही शिकंजे एकदम आवळायला हवेत, नाहीतर एक टोक बसतं आणि दुसरं उचलतं. मी या टोकाला आवळून त्या टोकाला धावतो तर हे टोक सरकलेलं. परत इकडे. गोंद सुकायला लागला. मी सवयीने ओरडलो, "बारक्या, धर!" आवाज घरभर फिरून आला. मग सगळं सोडून खाली बसलो.

आता फळ्या परत खरवडायच्या. मार्च निम्मा होत आला. एकट्याने होईल म्हणून डॉक्टरीणबाईंना सांगून बसलोय. शिंप्याला मदतीला बोलावता येईल, पण त्याला लाकडातलं ओ की ठो कळत नाही. बारक्याला निरोप धाडायचा? मी थोरला. त्याने भर बाजारात तोंड फिरवलं. मी का जायचं? यात माझं काही चुकत असेल तर कोणी सांगावं. सांगायला आहे कोण म्हणा.

१९ मार्च

आजचं आजच लिहून ठेवतो.

पॉलिश पेपर आणायला गेलो होतो. बाईने आधी आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि काउंटरवर ठेवलं. म्हणाली, हे शेवटचं. मी फडकं उलगडलं. वडिलांचा रंधा. नुसतं लाकूड, पात्याची जागा रिकामी. ज्या बाजूला वडिलांच्या, मग आमच्या तळव्याने खळगा पडलाय ती बाजू माझ्याकडे होती.

याला मी कुठला कारखाना सांगणार? एकसारखा माल यायचा असं याबद्दल म्हणता येत नाही. मी त्या खळग्यावरून तळवा फिरवला. मग म्हटलं, शिकंजा त्याचाच होता? ती म्हणाली, हो. पटाश्या? हो. नड आहे का त्याला, मी विचारलं.

"नड नाही हो," बाई म्हणाली. "त्याला आता रेघ दिसत नाही. पेन्सिलीची रेघ. डोळे चाललेत त्याचे, वर्ष होत आलं. म्हणाला, दादाचं अडायला नको. दादा सांगेल त्या किमतीला द्या आणि माझं नाव काढू नका. मी आजवर गप्प बसले. पण हा रंधा विकायला मला नाही जमत, मिस्त्री. तुम्ही तुमचं काय ते बघा."

मी पॉलिश पेपर न घेताच घरी आलो. रंधा समोर ठेवलाय. निम्मी किंमत सांगितली होती मी. आणि तीही जास्त झाली म्हणून हळहळलो होतो.

२० मार्च

पात्याला धार लावली आणि रंधा नि पातं पिशवीत घालून पूल ओलांडला.

खोली लहान आहे पण भावजयीने लख्ख ठेवलीय. तिने दार उघडलं, डोळ्याला पदर लावला आणि चहा ठेवायला गेली. बारक्या खाटेवर बसला होता. मी समोर खुर्ची ओढून बसलो, तर हा खिडकीकडे बघतोय.

"माझ्यावर राग असेल तर असू दे," मी म्हटलं, "पण तोंड का फिरवतोस?"

"तुझ्याकडेच बघतोय, दादा. समोर बघितलं की मधोमध डाग येतो, तू त्यात जातोस. बाजूला बघितलं की तुझा कान दिसतो."

मी म्हटलं, कान तर कान, तो तरी बरा आहे का? तो हसला. मग मी विचारलं, आधी का नाही बोललास. तो म्हणाला, "बोललो असतो तर तू मला बसवून खायला घातलं असतंस. तुझा गोंदावर राग होता, तो परवडला." डॉक्टर म्हणतात आणखी बिघडू नये म्हणून औषध आहे, गेलेलं परत यायचं नाही.

मी पिशवीतून पातं काढून त्याच्या हातात दिलं, रंधा मांडीवर ठेवला. त्याने डोळे मिटले. अंगठ्याने धार चाचपली, पातं आत सरकवलं, खालून बोट फिरवून किती बाहेर आलंय ते बघितलं. मला चष्मा लावून जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात त्याने पातं बसवलं. हात कामाचा राहिला नाही म्हणालो होतो मी. मग त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, पाचर दे.

पात्याला दाबून धरणारी लाकडी पाचर. ती नसेल तर रंधा म्हणजे नुसता ठोकळा. मी म्हटलं, पाचर तुझ्याकडे. तो म्हणाला, माझ्याकडे कुठली, तुझ्याकडे. वाटणी इतकी काटेकोर केली आणि पाचर दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. भावजय चहा घेऊन आली, तीही आठवायला लागली. मग बारक्याने कपाळावर हात मारला.

"तिकडेच राहिली की. सामान काढताना आमच्या खोलीचं दार सारखं मिटत होतं. हाताला आली ती मीच ठोकून बसवली दाराखाली."

मला रडू आलं. लिहायला काय जातंय, डायरी फुकटची आहे. इतके महिने मी त्या दाराला लाथा घालत होतो.

बारक्या चाचपत उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "घरी चल. मला वाकता येत नाही, ती पाचर तूच काढ."

तो म्हणाला, "आणि काढल्यावर?" मी म्हटलं, काढल्यावर टेबल आहे. रेघ मी आखतो, कड तू बघ. त्याने भावजयीकडे मान वळवली, म्हणजे तिच्या शेजारच्या भिंतीकडे. ती म्हणाली, खोलीचं भाडं या महिन्याचं भरलंय, ते वाया जाईल. मी म्हटलं, एकदा जाऊ दे वाया.

२४ मार्च

पाचर निघाली. धुऊन पुसून रंध्यात बसवली, जरा चेपलीय पण धरते. बारक्या कडेवरून तळवा फिरवतो आणि म्हणतो, इथे केसभर उंच आहे. मी चष्म्याने बघतो तर मला काही दिसत नाही. रंधा मारून फळ्या जुळवल्या तर खिडकीसमोर उजेड नाही. काल टेबल चिकटवलं. तो त्या टोकाला, मी या टोकाला, "आवळ" म्हटलं की दोघांनी एकदम आवळायचं. दोनदा भांडलोही.

पाचर काढल्यापासून खोलीचं दार वाऱ्याने दिवसभर आपटतंय. भावजय म्हणते आधी त्याचं काहीतरी करा. दुकानातून दाराची अडणी आणली. गोंदाचा मोठा डबाही आणला, संपेल आता. तडा गेलेला कप भावजयीने काल माझ्या देखत टाकून दिला आणि तिकडचे कप सामानाबरोबर यायला अजून आठवडा आहे. म्हणून बाईकडे सहाचा संच मागितला. ती बांधता बांधता म्हणाली, "संच स्वस्त पडतो, मिस्त्री." मी म्हटलं, मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणतोय.